यंत्र बंद, हिशेब चालू

सरकारी रुग्णालयात सगळ्यात जास्त काम कोण करतं असं विचारलं, तर कुणी सिस्टरांचं नाव घेईल, कुणी निवासी डॉक्टरांचं. आमचं मत भिंतीवरच्या एका कागदाला. 'मशीन बंद आहे.' स्केचपेनने लिहिलेला, घाईत एखादा अनुस्वार राहून गेलेला, चारी कोपऱ्यांना जखमेवर लावायची मायक्रोपोर पट्टी. हा कागद चोवीस तास ड्यूटीवर असतो, रजा मागत नाही, संपावर जात नाही आणि एकट्याच्या बळावर अख्खी रांग परत पाठवतो. सुरुवातीला तो नुसता कागद असतो. मग पंख्याच्या वाऱ्याने कोपरा फाटतो, मग कुणीतरी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवतं. ज्या दिवशी तो लॅमिनेट होऊन येतो, त्या दिवशी समजावं की दुरुस्तीची फाईल मिटली.

दाराआड ते यंत्र आहेच. सरकारी दप्तरात तर ते ठणठणीत आहे. जडसंग्रह नोंदवही उघडून बघा : यंत्राचं नाव, नग एक, किंमत, खरेदीची तारीख, खाली साहेबांची सही. ते किती दिवस चाललं आणि किती दिवस झोपलं, याला रकाना नाही. तपासणीला माणूस येतो, यंत्र जागेवर दिसतं, बरोबरची खूण होते, चहा येतो. आता त्याच वॉर्डातला एक किडनी ट्रे गहाळ झाला असं समजा. मग बघा धावपळ! सिस्टरांचा खुलासा, मेट्रनचा शेरा, आणि वेळ आली तर पगारातून वसुली. ट्रे हरवला तर सरकारचं नुकसान होतं. लाखोंचं यंत्र तीन वर्षं आडवं पडलं तर होत नाही, कारण ते हरवलेलं नाही. ते तिथेच तर आहे!

सार्वजनिक रुग्णालयांतल्या उधळपट्टीची किंमत कशी मोजावी, यावर जगभर ग्रंथ निघालेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०च्या आपल्या अहवालात सांगून टाकलं की आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला २० ते ४० टक्के पैसा वाया जातो. वाचून आमच्याकडच्या कुणाला धक्का बसल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे धक्का बसायला आधी आकडा आमच्या वहीत असावा लागतो.

तसा एकदा आकडा आला होता. यंत्रदुरुस्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५मध्ये सुरू करताना केंद्र सरकारने राज्याराज्यांतल्या उपकरणांची मोजदाद करवली. २९ हजारांवर आरोग्यसंस्था, साडेसात लाखांवर उपकरणं, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यातली बंद किती? राज्यागणिक १३ ते ३४ टक्के. तो टक्का थेट किमतीला लावणं काटेकोर गणितात बसत नाही, तिरकस सदरात बसतं, म्हणून लावून बघू : कमीत कमी ५९३ कोटी, जास्तीत जास्त १,५५० कोटींच्या घरात. आणि ही झाली फक्त खरेदीची किंमत. त्या यंत्रांनी जे एक्स-रे काढले नाहीत, जी बाळं ऊबेत ठेवली नाहीत, जे रक्त तपासलं नाही, त्याची किंमत कुठल्याच बेरजेत नाही.

यंत्रं बंद का पडतात? याला उत्तर द्यायला समिती नको, फक्त लग्नसराईतल्यासारखा एक मांडव डोळ्यांसमोर आणा. नवं यंत्र आलं की लोकार्पण असतं. पालकमंत्री, फीत, कात्री ठेवायला मखमली उशी, डीनसाहेबांच्या भाषणात 'मा.' नऊ वेळा. पण वार्षिक देखभाल कराराचं लोकार्पण कुणी कधी पाहिलंय? 'सदर यंत्राच्या एएमसीचे नूतनीकरण मा. मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते' अशी पत्रिका छापून आली तर हे सदर कायमचं बंद करू. खरेदीत छायाचित्र आहे, देखभालीत नाही. खरेदीत आणखीही काय काय असतं म्हणतात, पण ते मोजण्याच्या पद्धती वेगळ्या.

मग येतो मार्च. जिल्हा नियोजन समितीचा, म्हणजे डीपीडीसीचा, निधी ३१ तारखेच्या आत संपवायचा, नाहीतर परत जाणार. एप्रिल ते जानेवारी ज्या फाईलला पाय नव्हते, तिला पंख फुटतात. काय घ्यायचं? जे लवकर घेता येईल ते. ते चालवायला तंत्रज्ञ आहे का? पदं भरणं हे वेगळ्या खात्याचं वेगळं लेखाशीर्ष. कॅगचा जो अहवाल डिसेंबर २०२४मध्ये विधिमंडळात ठेवला गेला, त्यात राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टर २७ टक्के, परिचारिका ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचारी ३१ टक्के कमी असल्याचं म्हटलंय. वैद्यकीय शिक्षण विभागात तर निमवैद्यकीयांची तूट ४४ टक्के. म्हणजे आमच्याकडे माणसं नसलेली यंत्रं आहेत आणि यंत्रं नसलेली माणसं. दोघांची गाठ पडत नाही, कारण एकाची फाईल मुंबईत, दुसऱ्याची पुण्यात.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत या संसाराचं जाहीर दर्शन घडलं. पीएम केअर्समधून औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे १५० व्हेंटिलेटर आले. मे २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे विषय निघाला तेव्हा कळलं की वापरायला घेतलेले ११३ सदोष निघाले आणि उरलेले ३७ खोक्यांतून बाहेरच काढलेले नाहीत. केंद्राकडून उत्तर आलं की यंत्रं उत्तम आहेत, वापरणाऱ्यांना वापरता येत नाहीत. न्यायालयाने या दोषारोपांवर नाराजी व्यक्त केली. आमची नाराजी वेगळी आहे. ३७ न उघडलेल्या खोक्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, कारण त्यांतलं एकही नादुरुस्त ठरलं नव्हतं!

आता विद्वानांकडे वळू. रुग्णालय कार्यक्षम आहे की नाही हे ठरवण्यासाठी त्यांच्याकडे दोन फार आवडती हत्यारं आहेत. पहिलं १९७८चं, चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांचं : डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस. कुणी किती डॉक्टर, किती खाटा, किती पैसा वापरून किती रुग्ण पाहिले हे मांडायचं, त्यातलं सगळ्यात उजवं रुग्णालय शंभर टक्के धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्या मानाने गुण द्यायचे. गणित देखणं आहे. अडचण एवढीच की शंभर टक्के कुणालातरी मिळणारच. सगळ्या जिल्ह्यांत बोंब असली तरी त्यातल्या त्यात बऱ्याला पैकीच्या पैकी. वासरांत लंगडी गाय शहाणी हे आमच्या आज्यांना संगणकाशिवाय ठाऊक होतं.

दुसरं हत्यार कोलंबियाच्या पाबोन लासो यांचं, १९८६चं. एका अक्षावर खाटा किती टक्के भरलेल्या असतात ते, दुसऱ्यावर एका खाटेवरून वर्षात किती रुग्ण जातात ते. आलेखाचे चार कप्पे. खाटा भरलेल्या आणि माणसं झपाझप ये-जा करणारी, तर तुम्ही वरच्या उजव्या कप्प्यात, शाबास. साधं, स्वस्त, जिल्हा रुग्णालयाच्या कारकुनालाही करता येईल असं. फक्त त्या आलेखाला एक गोष्ट कळत नाही. खाट रिकामी झाली, एवढंच त्याला दिसतं. माणूस घरी चालत गेला, दुसऱ्या रुग्णालयात गेला की शवागारात गेला, यातला फरक त्याला दिसत नाही. ग्रामीण रुग्णालयाने पेशंट उपजिल्ह्याला 'रेफर' केला, उपजिल्ह्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने मेडिकल कॉलेजला. गर्भार बाई १०८ नंबरच्या गाडीत कळा देते आहे आणि मागे तीन रुग्णालयांची कार्यक्षमता वाढते आहे.

खाटा भरलेल्या म्हणजे चांगलं, हेही असंच एक गृहीत. इंग्रजांच्या देशात १९९९मध्ये यावर गणिती अभ्यास झाला. निष्कर्ष असा, की ८५ टक्क्यांच्या वर खाटा भरल्या की धोका दिसू लागतो आणि ९०च्या वर गेल्या की तातडीच्या रुग्णाला खाट न मिळण्याचे प्रसंग वारंवार येतात. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा असतो, म्हणून त्याला कुणी टँकर म्हणून भाड्याने देत नाही. थोड्या रिकाम्या खाटा हा तसलाच बंब. आमच्याकडे मात्र ८५ टक्के म्हणजे हॉस्पिटल ओस पडलंय की काय, असं वाटायचं. आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोघं, दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून तिसरा, आणि व्हरांड्यात सलाइनची बाटली हातात उंच धरून उभी असलेली कुणाची तरी बायको. स्टँड कमी आहेत म्हणून. तिचा हात हा रुग्णालयाचा वापरात असलेला, बिनपगारी, कुठल्याही नोंदवहीत नसलेला स्टँड आहे.

नांदेडला काय झालं ते आठवा. २०२३च्या सप्टेंबरअखेरीला तिथल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात बाळं. अठ्ठेचाळीस तासांत आकडा ३१वर गेला. पाचशे खाटांच्या त्या रुग्णालयात हजारावर रुग्ण होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. सरकारने सांगितलं की औषधं पुरेशी होती, डॉक्टर होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि एका खासदारांनी तिथे जाऊन अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. सफाई कामगारांची पदं किती मंजूर, किती रिकामी, हे त्यांनी विचारलं असतं तर त्याचा व्हिडिओ झाला नसता. वर्षानुवर्षं शिकलेल्या विशेषज्ञाला संडास घासायला लावणं, याहून साधनसंपत्तीच्या गैरवापराचं चोख उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

अर्थात तो झाला गाजलेला प्रसंग. रोजचं बघा. वॉर्डातला निवासी डॉक्टर, एमबीबीएस होऊन पुढचं शिक्षण घेणारा, रात्री अकरा वाजता रक्ताच्या तीन नळ्या मुठीत धरून जिने उतरतोय, कारण वॉर्डबॉय एकच आहे आणि तो स्ट्रेचर घेऊन गेलाय. नळ्या देऊन झाल्या की एक्स-रेची फिल्म शोधायची, मग ब्लड बँकेत फॉर्म नेऊन द्यायचा. सरकारने आणि त्याच्या आईबापांनी मिळून ज्याच्यावर इतका खर्च केला, त्या माणसाकडून आपण रोज काही तास हमालाचं काम करून घेतो. हमालाचं पद न भरल्याने पगार वाचला, अशी नोंद कुठेतरी नक्की असणार. डॉक्टरचे तास कुठे गेले, ती नोंद नसणार.

औषधांचं काय, असं विचारणाऱ्यांना हाफकिनचं नाव माहीत असेलच. त्या नावामागचा माणूस वाल्डेमार हाफकिन. १८९६च्या ऑक्टोबरात, प्लेगने मुंबई घेरली तेव्हा, तो इथे आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ला त्याने आपली लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. तीन महिने, एक खोली, तीन शिपाई. कार्यक्षमतेचा कुठलाही आलेख काढा, हा माणूस कागदाच्या बाहेर जाईल.

पुढे २०१७मध्ये राज्य सरकारच्या मनात आलं की रुग्णालयांची सगळी औषध-उपकरण खरेदी एकाच ठिकाणाहून करावी. विचार चांगलाच. ती दिली त्याच नावाच्या महामंडळाकडे, ज्याचं काम लसी आणि औषधं बनवणं. लस करणाऱ्याला निविदा काढायला बसवलं. मग सहा वर्षं तीच रड : रुग्णालयांनी मागणीपत्रं पाठवायची, पैसे वर्ग करायचे आणि वाट बघायची. पैसे महामंडळाकडे, पेशंट वॉर्डात, औषध निविदेत. शेवटी २०२३मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमावं लागलं. तीन महिन्यांत लस काढणाऱ्याच्या नावाने सहा वर्षं खरेदी रखडवायची, हे जमवायलाही एक प्रकारची प्रतिभा लागते.

आणि हे काही आकाशातून पडणारं ज्ञान नव्हतं. तमिळनाडूने १९९४मध्येच खरेदी महामंडळ स्थापलं. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं, बँकेत असतं तसं. वर्षाला इतक्या रकमेची औषधं तुमची. गोदामातून उचला, नोंद करा, शिल्लक बघा. गोदामात आलेलं औषध प्रयोगशाळेतून तपासून आल्याशिवाय वाटपाला निघत नाही. आमच्याकडून मंडळी तिकडे पाहणी दौऱ्याला जाऊन येतात. कांजीवरम चांगलं मिळतं म्हणतात.

इथे एक चिठ्ठी पुढे येते. कोऱ्या कागदाचा अर्धा तुकडा, कधी औषध कंपनीच्या फुकट पॅडचा. त्यावर दोन इंजेक्शनं, एक मोठ्या आकाराची सिरिंज, 'बाहेरून आणा'. ना रुग्णालयाचा शिक्का, ना सही, ना क्रमांक. नातेवाईक ती घेऊन फाटकाबाहेरच्या मेडिकलकडे धावतो. सरकारी रुग्णालयातला मोठा खर्च या कागदावर होतो आणि हाच एक कागद सरकारी नाही. मुंबई महापालिकेने तर ही चिठ्ठी बंद करण्याचं धोरणच जाहीर केलं, 'झिरो प्रिस्क्रिप्शन' अशा भारदस्त नावाने. राज्याच्या आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३पासून आपल्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा माफ. हे चांगलंच झालं. पण केसपेपर कधीच महाग नव्हता हो, महाग होती ती चिठ्ठी.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, सरकारी रुग्णालयात एकदा भरती होण्यापोटी घरच्यांच्या खिशातून देशभरात सरासरी ४,४५२ रुपये गेले, बाळंतपणं सोडून. खासगीत ३१,८४५. दुसरा आकडा बघून आपण हादरतो आणि पहिला विसरतो. जिथे काही द्यावं लागत नाही म्हणून माणूस जातो, तिथला हा आकडा आहे.

आणि हा औषधपाण्याचा. वाट बघण्याचा वेगळा. समजा, एक शेतमजूर मोटरसायकलवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या रुग्णालयात भरती झाला. पायाला पट्ट्या गुंडाळून, दोरी कप्पीवरून घेऊन, टोकाला वजन म्हणून विटा बांधल्या. (सरकारी ऑर्थो वॉर्डातली वीट हे बहुधा सदैव चालू स्थितीत असलेलं एकमेव उपकरण. बिघडत नाही, एएमसी लागत नाही.) ऑपरेशन उद्या. उद्या कळतं, ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र, म्हणजे सी-आर्म, बंद आहे. परवा सी-आर्म सुरू होतो, भूलतज्ज्ञ रजेवर. मग रविवार. मग सळईची मंजुरी यायची आहे; जनआरोग्य योजनेत 'बसतंय', पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. असे आठ दिवस जातात. उशाशी भाऊ बसलेला. तोही मजूरच.

आता सरकारचाच दर घेऊ. रोजगार हमीवर २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाची मजुरी ३१२ रुपये. दोन माणसं, आठ दिवस : ४,९९२ रुपये. म्हणजे नुसत्या वाट बघण्याची किंमत सर्वेक्षणातल्या त्या सरासरी खर्चापेक्षा पाचशे चाळीस रुपयांनी जास्त भरली, आणि अजून चिरा पडलेला नाही. यात डब्याचे पैसे नाहीत, एसटीचं भाडं नाही, शेजाऱ्याकडून घेतलेल्या उसनवारीचं व्याज नाही. ज्याला त्या खाटेची गरज होती आणि जो आठ दिवस खाली गादीवर राहिला, तोही नाही. सी-आर्मची दुरुस्ती त्याच दिवशी झाली असती तर किती पैसे लागले असते? असतील काही हजार. ते सरकारच्या तिजोरीतून गेले असते, म्हणून त्यांना मंजुरी लागते, तीन कोटेशनं लागतात, फाईल लागते. मजुराचे ४,९९२ जायला कुणाचीच मंजुरी लागत नाही.

मोजमापाचा सगळा घोळ इथे आहे. सरकारी हिशेबात रुग्णाच्या वेळेची किंमत शून्य धरली आहे. शून्याला कितीनेही गुणा. मग साहजिकच यंत्र दुरुस्त न करणं स्वस्त, पद न भरणं स्वस्त, औषध न घेणं तर सगळ्यात स्वस्त. अर्थखात्याच्या नजरेने पाहिलं तर राज्यातलं सर्वात काटकसरी रुग्णालय म्हणजे कुलूप लावलेलं.

म्हणून 'कार्यक्षमता' हा शब्द मंत्रालयाच्या कुठल्याही मजल्यावरून ऐकू आला की आम्ही आधी खिसा चाचपतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली लॉर्ड कार्टर यांनी सरकारी रुग्णालयांचा असाच हिशेब मांडला होता. सारख्याच कामाला एका रुग्णालयात ३,१५० पौंड लागतात तर दुसऱ्यात ३,८५०, असं दाखवलं. वर्षाला ५०० कोटी पौंड वाचू शकतील म्हणाले. पण त्यांचं गणित कसं होतं बघा. एका रुग्णालयात पाण्यात विरघळणारी प्रेडनिसोलोनची गोळी सोडून साधी गोळी वापरायची. पहिली दीड पौंडाला, दुसरी दोन पेन्सला. एवढ्यावर वर्षाला ४० हजार पौंडांची बचत. गोळी कोणती, कितीला, बदलली तर बचत किती, सगळं आकड्यांनिशी. आपल्याकडे 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी' काय होतं? कंत्राटी भरती होते, नाहीतर सोनोग्राफी विभाग भाड्याने जातो. कुठली गोळी कितीला पडली, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात एका खाटेचा एका दिवसाचा खर्च किती, हे विचारून बघा. ओपीडीतून इमारत नंबर दोनला पाठवतील. तिथून लेखा विभाग. तिथे सांगतील, पगार वेगळा, औषध वेगळं, वीजबिल बांधकाम खात्याकडे, आहार कंत्राटदाराकडे. एकत्र आकडा कुठेच नाही. पाठीवर थाप मारून म्हणतील, 'अहो, तुम्हाला कुठे पैसे द्यावे लागतात?'

यावर उपाय म्हणून आम्ही ना समिती मागतो, ना ॲप. ॲप आलं की त्यात 'यंत्र चालू' असं बटण दाबायला एक ऑपरेटर लागेल आणि ते पद रिकामं राहील. जडसंग्रह नोंदवहीत दोनच रकाने वाढवा : 'केव्हा बंद पडलं' आणि 'केव्हा सुरू झालं'. आणि वॉर्डाच्या दारावर, जिथे 'येथे थुंकू नये' लिहिलंय त्याच्या खाली, एक फळा : आज ऑपरेशनच्या प्रतीक्षेत किती, सगळ्यात जुना किती दिवसांचा. खडू आरोग्य खात्याला परवडेल. न परवडला तर आम्ही देऊ.

तोवर वाचकांनी एक काम करावं. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात माहिती अधिकारात अर्ज द्यावा. 'परिस्थिती काय आहे' असं विचारू नका, त्याला 'समाधानकारक' असं उत्तर येतं. विचारा : एक्स-रे, सोनोग्राफी, सी-आर्म, व्हेंटिलेटर आणि वॉर्मर यांतलं प्रत्येक यंत्र गेल्या तीन वर्षांत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होतं, दुरुस्तीचं पत्र कोणत्या तारखेला गेलं, आणि देखभाल करार चालू आहे का. माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, असं उत्तर आलं तर पत्रांच्या प्रती मागा. पत्रं कुठेतरी असतातच, सरकारात पत्र मरत नाही. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.